फादर ऑफ द चॅपेल

ब्रिटनमधील मुद्रण व प्रकाशन व्यवसायात कामगारांनी आपल्यातूनच निवडलेला संघटनेचा प्रतिनिधी. स्त्री असल्यास ‘मदर ऑफ द चॅपेल’. चॅपेल म्हणजे एका छापखान्यातील किंवा त्याच्या एखाद्या खात्यातील संघटित कामगार. इतर उद्योगांतल्या ‘शॉप स्टुअर्ड’शी फादरची तुलना होते, पण ती अपुरी पडते, कारण चॅपेल ही कामगार संघटनांहून जुनी संस्था आहे. इंग्रज मुद्रक जोसेफ मॉक्सनने १६८३-८४ मध्येच तिचे नियम नोंदवले आहेत. शिवीगाळ, दारू पिऊन येणे, रात्री मेणबत्ती जळती सोडणे, इतकेच काय, टाइपांच्या पेटीखाली (केसखाली) तीन खिळे (टाइप) आणि एक स्पेस (कोरा खिळा) पडलेले सापडणे, यालाही दंड होता. बेंजामिन फ्रँकलिन १७२० च्या दशकात लंडनच्या एका छापखान्यात यंत्रावरून जुळणीखात्यात गेला, तेव्हा त्याच्याकडे नव्याने प्रवेशाची वर्गणी मागण्यात आली. मालकाने ‘देऊ नकोस’ म्हटले. मग त्याचे खिळे मिसळू लागले, पाने उलटसुलट होऊ लागली, आणि दोष चॅपेलच्या भुतावर गेला! दोन-तीन आठवड्यांत त्याने पैसे भरले. चॅपेलचा, आणि म्हणून फादरचाही, अधिकार सोबत्यांकडून येतो, वरून नव्हे, हे त्यावरून दिसते.

लंडनमधील वृत्तपत्रांच्या फ्लीट स्ट्रीटवर या अधिकाराला धार आली, कारण रात्री न छापलेला अंक सकाळी विकता येत नाही. मे १९८४ मध्ये ‘सन’ या दैनिकाच्या कामगारांनी खाणकामगार नेते आर्थर स्कारगिल यांची हिटलरशी तुलना करणारे पहिले पान छापायला नकार दिला. ही दंडेली होती, आणि गरजेपेक्षा जास्त माणसे पोसली जात होती, हा आक्षेप निराधार नाही. जुळणीखातेही दीर्घकाळ पुरुषांचेच राहिले. मात्र मालकांनी ही व्यवस्था निमूट सोसली, कारण आपला अंक अडला की प्रतिस्पर्ध्याचा खप वाढतो, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. जानेवारी १९८६ मध्ये ‘सन’चे मालक रूपर्ट मर्डॉक यांनी छपाई लंडनमधल्याच वॉपिंगला हलवून सुमारे ५,५०० संपकऱ्यांना काढले. वर्षभर चाललेला तो लढा कामगार थॅचर सरकारच्या कायद्यांमुळे हरले, असे म्हणतात. कायद्यांनी हात बांधले हे खरे. पण पत्रकार मजकूर थेट संगणकावर टंकू लागल्यावर ज्या खात्यावर जुळाऱ्यांच्या चॅपेलचा ताबा होता, ते खातेच उरले नाही. छपाई कामगारांच्या संघटना विलीन होत अखेर ‘युनाइट’मध्ये गेल्या. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेत मात्र चॅपेल आणि फादर-मदर ही पदे आजही चालू आहेत.