एलएम १८८९

नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीची १८ पायांची रंगसंकेतक चिप. संगणकाकडून आलेले प्रकाश आणि रंगाचे वेगवेगळे संकेत घरच्या टीव्हीला कळतील अशा एका संकेतात गुंफणे, हे तिचे काम. एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकामुळे ती लाखो घरांत शिरली.

स्पेक्ट्रमचे २५६ × १९२ ठिपक्यांचे चित्र ‘यूएलए’ ही दुसरी चिप रचत असे. तिच्याकडून तीन संकेत निघत: एक उजेड-अंधाराचा, दोन रंगांतील फरकाचे. या दोन रंगसंकेतांवरून एलएम १८८९ एक रंगवाहक लहर घडवी. लहरीची वारंवारता स्फटिक ठरवी. ब्रिटनमधल्या पाल या रंगीत टीव्हीच्या पद्धतीसाठी ती सुमारे ४.४३ मेगाहर्ट्‌झ, अमेरिकी एनटीएससीसाठी सुमारे ३.५८. पालमध्ये एक रंगसंकेत ओळीआड उलटवावा लागतो. ती उलटापालट यूएलएच करी. त्यामुळे एलएम १८८९ला स्वतःचा असा देश नव्हता. स्फटिक आणि येणारे संकेत बदलले, की तीच चिप दुसऱ्या पद्धतीत चाले.

ब्रिटनबाहेर स्पेक्ट्रम कसा चाले, याचे एक उदाहरण सिंगापूर. तिथे टीव्ही १९६३ मध्ये आला, तर रंग १९७४ मध्ये. त्या वर्षी ७ जुलैला पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्‌स यांच्यातला विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना तिथे रंगीत दिसला. पद्धत ब्रिटनसारखीच ६२५ ओळींची पाल. मात्र चित्र आणि ध्वनी यांच्या वाहक लहरींतले अंतर ब्रिटनमध्ये ६ मेगाहर्ट्‌झ, सिंगापुरात ५.५. स्पेक्ट्रमला याची झळ नव्हती, कारण त्याचा आवाज यंत्रातल्याच छोट्या स्पीकरमधून येई. अट एकच: यंत्राचे चित्र यूएचएफच्या ३६व्या चॅनेलवर येत असल्याने टीव्हीला तो पट्टा पकडता यायला हवा. स्थानिक ५ आणि ८ हे चॅनेल व्हीएचएफवर होते.

ॲपल-२ या अमेरिकी संगणकाची गोष्ट वेगळी. त्यात रंगसंकेतक चिपच नव्हती. एनटीएससीच्या रंगलहरीशी जुळवलेल्या ठिपक्यांतून तो रंग भासवी. पाल टीव्हीसाठी काढलेल्या युरोप्लस आवृत्तीत वेगळे रंगकार्ड घातले नाही, तर चित्र एकरंगीच दिसे. याच ॲपलने १९८१ मध्ये सिंगापूरच्या आंग मो किओत कारखाना सुरू केला. नॅशनल सेमिकंडक्टर तर १९६८ पासूनच तिथे चिपांची जुळणी करत होती.

पुढच्या स्पेक्ट्रम १२८ मध्ये एलएम १८८९ची जागा टीईए २००० ने घेतली. लाल, हिरवा आणि निळा हे संकेत ती थेट स्वीकारी.