आंबा, अक्षय्य तृतीया आणि गुगल

परवा रात्री मामेभावाचा फोन आला. "दादा, वेबसाईटवर माणसंच येत नाहीत रे हल्ली. गुगलला 'अस्सल हापूस कसा ओळखावा' विचारलं की तो वरच्या वर स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. आपलं पान खाली पडून." ही एआयची तयार उत्तरं भारतात २०२४ च्या ऑगस्टपासून दिसायला लागली. त्याला काय सांगणार? "बघू, करू काहीतरी," म्हणालो आणि फोन ठेवला. पण मग झोप येईना. कारण 'गुगल बदललं' हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा मी उच्चारलं होतं, आणि तेव्हा ते अर्धंच सांगितलं होतं. त्याला एक तप उलटून गेलं. आज उरलेलं अर्धं सांगून टाकतो. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात, ते माहीत असूनच.

मामाची कलमं राजापूरजवळ. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा. तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि मामाच्या हाती यायची ती पट्टी, अडत-हमाली सगळं वजा होऊन. "झाड माझं, आंबा माझा आणि भाव रुमालात," असं तो म्हणायचा. २००४ साली मी पुण्यात नोकरीला चिकटलो होतो, अंगात भलताच उत्साह होता. म्हटलं, मामा, वेबसाईट करू. गिऱ्हाईक थेट आपल्याकडे येईल, दलालच नको!

सर्च इंजिनांबद्दल माझं ज्ञान तेव्हा ऐकीव आणि शिळं. १९९५ च्या डिसेंबरात आलेलं अल्टाविस्टा काय किंवा त्याच्या आगेमागची इंजिनं काय, पानावर कुठला शब्द किती वेळा आलाय याला फार मान द्यायची. मग दुकानदार लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच तो शब्द शंभरदा लिहून ठेवत. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतो. स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या जोडगोळीने १९९८ मध्ये गुगल काढलं त्यामागची युक्ती वेगळी होती. पान स्वतःबद्दल काय सांगतं याच्यापेक्षा बाकीची पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का, आणि ती बोटं कोणाची, हे बघायचं. मुलाकडच्यांचं ऐकून घ्यायचं पण चौकशी शेजारीपाजारी करायची, तशातलं. युक्ती उत्तमच होती. फक्त तिने शेजाऱ्यांना बाजारभाव आला.

जुन्या क्लृप्त्यांवर पहिला मोठा वरवंटा फिरला तो २००३ च्या नोव्हेंबरात. वेबसाईटवाल्यांनी त्या बदलाला 'फ्लोरिडा' नाव दिलं. नाताळची खरेदी तोंडावर आलेली, आणि पहिल्या पानावरची कित्येक छोटी दुकानं एका रात्रीत दिसेनाशी झाली. त्यात लबाड होते तसे ओल्याबरोबर जळलेले सुकेही होते. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आपला मामाच्या पानाच्या पोटात हापूसची इंग्रजी स्पेलिंगं भरत बसलो होतो, बरोबर आणि चूक मिळून सतरा. त्यासाठी असलेल्या 'कीवर्ड्स' नावाच्या रकान्याकडे आपण बघतच नाही, असं गुगलने २००९ च्या सप्टेंबरात जाहीर सांगून टाकलं. म्हणजे माझी ती सगळी रात्र पाण्यात :)

मराठी पानाची तर आणखीच मजा. ते मी त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे एका फॉन्टमध्ये केलं होतं. फॉन्ट असेल त्याला 'हापूस' दिसायचं, गुगलला मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. म्हणजे पान अस्तित्वात होतं, पण ते मराठीत आहे हे यंत्राला कळायचा मार्गच नव्हता. २००७ च्या सुट्टीत बसून सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टंकलं. एवढ्या वर्षांत सर्च इंजिनासाठी केलेलं सरळ आणि टिकाऊ असं काम बहुधा तेवढं एकच.

आता मुद्द्याचं.

२०१० च्या सुमारास आंब्याच्या वेबसाईटी भरमसाट झाल्या आणि आम्ही दुसऱ्या पानावर घसरलो. दुसरं पान म्हणजे बाजारात मागच्या गल्लीतला गाळा. एकाने मला सांगितलं, महिना आठ हजार द्या, पाचशे लिंका लावून देतो. मी दिले. मामाला 'वेबसाईटचा खर्च' म्हणून सांगितलं. त्या लिंका कुठून येत होत्या हे मी एकदा पाहिलंही होतं. कुठल्या कुठल्या देशांतली ओस पडलेली पानं, कर्जाच्या नि औषधांच्या जाहिराती, आणि मध्येच 'बाय रत्नागिरी हापूस ऑनलाईन', सगळीकडे अक्षर न अक्षर तेच. आम्ही पुन्हा पहिल्या पानावर आलो. २०११ च्या मोसमात मामाची एकही पेटी वाशीला गेली नाही.

हे चालणार नाही, हे कळायला मला भरपूर वाव होता. २००६ च्या फेब्रुवारीत गुगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साईट यादीतून काढून टाकली होती, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच दाखवत होते. २०११ च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीच्या हजारो विकतच्या लिंकांचं बिंग फोडलं, आणि तीही तळाला गेली. मी ती बातमी ऑफिसात चहा पिताना वाचली. वाटलं, मोठ्यांची भांडणं, आपल्याला कोण विचारतंय?

२०१२ ची अक्षय्य तृतीया २४ एप्रिलला होती. त्या आठवड्यात आंबा आमच्याकडे सगळ्यात जोरात. आणि अमेरिकेतल्या त्याच तारखेला गुगलने 'पेंग्विन' सोडला, विकतच्या लिंकांवर तयार झालेलीच साईट मागे ढकलणारा. इंग्रजी शोधांपैकी सुमारे ३.१ टक्क्यांवर परिणाम होईल असं त्यांनी म्हटलं होतं. त्यात आम्ही. दोन दिवसांत फोन वाजायचे थांबले. आढीत आंबा पिकत होता आणि घ्यायला कोणी नाही. माणसाने हाताने केलेली कारवाई असेल तर गुगल निदान निरोप पाठवतं. इथे गणितानेच निकाल दिलेला, त्यामुळे कागद नाही की कारण नाही. दोनशेच्या वर पेट्या शेवटी वाशीला गेल्या, तिथे जो मिळाला त्या भावात.

मामाचा फोन आला. आवाज खाली गेलेला. "माझ्या आंब्यात काही खोट निघाली का रे? कोणी काही लिहिलंय का आपल्याबद्दल?"

मी म्हणालो, "नाही मामा, गुगल बदललं."

पुढचं वर्ष मी त्या पानांच्या मालकांना लिंका काढा म्हणून विनवण्यात घालवलं. एक-दोघांनी तर काढायचेही पैसे मागितले. त्या ऑक्टोबरात गुगलने 'या लिंका आमच्या धरू नका' असं कळवायची सोय दिली. मी चारेक हजार ओळींची यादी भरली. पण सुधारल्याचं फळ पेंग्विनची पुढची फेरी येईपर्यंत मिळणार नव्हतं. ती आली २२ मे २०१३ ला, म्हणजे आंबा संपता संपता! २०१६ च्या सप्टेंबरात त्यांनी हा प्रकारच बदलला, तेव्हापासून अशा लिंका शिक्षेपेक्षा बिनकिमतीच्या धरतात. आमच्या कामाला ते उशिराच आलं. मधे २०१५ च्या एप्रिलात मोबाईलवर नीट न दिसणाऱ्या पानांना मागे टाकायचा फतवाही निघाला (यांना एप्रिलच का सापडतो कोण जाणे), पण तोवर मी शहाणा झालो होतो, महिनाभर आधीच साईट बदलून ठेवली.

गुगलची बाजू मला आज पटते. विकतच्या शेजाऱ्यांची साक्ष त्याने का मानावी? तरी मामाचं एक चुकलं नव्हतं. भाव अजून रुमालातच ठरत होता, फक्त या दलालाचं बोटसुद्धा हाताला लागत नव्हतं.

त्या दोन वर्षांत धंदा तगला तो मामीच्या वहीवर. पेटी कोणाकडे गेली, किती डझन, साका निघाला म्हणून कोणाला चार आंबे जास्त दिले, हे ती २००४ पासून लिहीत आली होती. तिने एकेकाला फोन केले. मी पुण्यात बसून आलेख बघत होतो.

मामेभावाला काल सकाळी उलटा फोन केला. म्हटलं, ती वही आहे का अजून? म्हणाला, "आहे, तीन झाल्या. पण आईचं अक्षर मला लागत नाही." मी शनिवारी जातोय. मामीच्या शेजारी बसून नावं उतरवून घेईन, आणि मामाला लिंकांचं तोंडानेच सांगेन, त्याने इथे वाचायच्या आत. नाहीतर मामी वाचून दाखवेलच.