ठोक्याच्या जरा मागे

१९८०च्या दशकाच्या शेवटी आणि पुढची काही वर्षं बाजारात ‘झंकार बीट्स’च्या कॅसेटचा सुळसुळाट होता. पन्नास-साठच्या दशकांतलं गाणं घ्यायचं आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक तालवाद्यांचा दणदणीत थर चढवायचा, एवढाच तो उद्योग. रिक्षांत, पानाच्या टपऱ्यांवर, लग्नाच्या मांडवात ही गाणी वाजत. कान देऊन ऐकलं तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. नवा ठोका आणि आतली जुनी ढोलक यांचं पुरतं जमत नाही. काही मात्रा दोघं बरोबर चालतात, मग ढोलक कणभर पुढे जाते, अंतऱ्याच्या शेवटी गायिकेने शब्द लांबवला की ती मागे रेंगाळते आणि वरचा ठोका उघडा पडतो. याचं कारण सरळ आहे. मूळ गाण्याची लय एका जागी स्थिर नव्हतीच. मुखड्याला ती एक होती, मधल्या वाद्यांच्या तुकड्यात जराशी चढलेली होती आणि गाणारीच्या श्वासासाठी क्षणभर थांबलेली होती. आजच्या मापाने हा दोष ठरतो. माझ्या मते त्या गाण्यांचा जिवंतपणा याच हलत्या लयीत आहे, आणि ती वादकांच्या हलगर्जीपणातून आलेली नाही. ती मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या धंद्यात काम ज्या रीतीने होई त्या रीतीतून आलेली आहे.

ही रीत आधी नीट पाहायला हवी. १९७०च्या दशकापर्यंत हिंदी चित्रपटाचं गाणं बहुतेक वेळा एकाच दमात, सगळ्यांनी एकत्र बसून ध्वनिमुद्रित होई. वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ किंवा ताडदेवचं फिल्म सेंटर अशा जागी पन्नास-साठ वादक, कधी त्याहून जास्त, एका हॉलमध्ये बसत. व्हायोलिनवाले एकीकडे, फुंकीची वाद्यं मागे, ढोलक-तबलावाले आडोशाला, गायक बूथमध्ये. माइक मोजकेच असत, त्यामुळे कोणता आवाज किती यावा हे बरंचसं वादक माइकपासून किती लांब बसला आहे यावर ठरे. १९४९च्या ‘महल’मधल्या प्रसिद्ध गाण्यात लता मंगेशकर दुरून गात गात माइकजवळ आल्या, तो आवाज लांबून येतो तो खरोखरच लांबून आलेला आहे. अशा रीतीत कुणा एकाचा सूर चुकला तर तेवढाच तुकडा पुसून नवा भरण्याची सोय नव्हती. सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. म्हणून आधी दिवसभर तालमी होत आणि मग टेकवर टेक होत. ‘ओके’ झालेला टेक हा निर्दोष असे असं नाही. त्यात सगळं मिळून सर्वांत चांगलं जुळलेलं असे. एखादं व्हायोलिन केसभर उशिरा आलेलं आणि गाणारीने मात्र जीव ओतलेला, असा टेक संगीतकार ठेवून देई. ही निवड होती, आणि ती निवड करणाऱ्यांचा कान कच्चा होता असं कुणी म्हणू नये.

त्या हॉलमध्ये दोन अगदी वेगळ्या परंपरांची माणसं शेजारी बसत, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे मोठ्या संख्येने गोव्याचे ख्रिस्ती. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच मुशीतले. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका गाण्यात गुरूचं नाव अजरामर करून गेले. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन या संगीतकारांसाठी स्वरलिपीची पानंच्या पानं लिहीत आणि समोरचे वादक ती पाहून वाजवत. त्याच हॉलमध्ये सतार, सारंगी, बासरी, तबला, ढोलक वाजवणारे मात्र कानाने शिकलेले. त्यांच्या पुढ्यात फार तर सरगम लिहिलेला कागद असे. गोव्याचेच दत्ताराम वाडकर शंकर-जयकिशनकडे ताल सांभाळत, त्यांचा ‘दत्तू ठेका’ आजही वादकांच्या तोंडी आहे. लाला गंगावणे यांच्यासारखे ढोलकीवाले तमाशाच्या आणि लोकसंगीताच्या मातीतली थाप घेऊन आले होते. लिहिलेल्या मात्रेचे चार भाग अगदी सारखे असतात. ढोलकीवाल्याच्या हातातले ते चार भाग कधीच सारखे नसतात. डाव्या हाताची घुमारी किंचित उशिरा सुटते, शेवटची थाप समेकडे झुकते आणि त्या झुकण्यालाच आपण ‘चाल’ म्हणतो. वर सरळ चालणारं व्हायोलिन, खाली झुकत चालणारी ढोलक. दोघांनाही एकमेकांचं ऐकू येतंय, म्हणून दोघंही थोडं थोडं सोडतात.

कागदावर न मावणारी आणखी एक गोष्ट, मींड घ्या. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं कागदावर रेघ ओढून दाखवता येतं, पण त्या रेघेत किती वेळ कुठे थांबायचं हे लिहिता येत नाही. मग डझनभर व्हायोलिनवाले तीच मींड घेतात तेव्हा प्रत्येक जण वरच्या स्वरावर जरा वेगळ्या क्षणी पोचतो. त्यांचे सूरही एकमेकांपासून केसभर लांब असतात. बारा जणांचा आवाज एका माणसाच्या बारापट मोठा ऐकू येत नाही, तो रुंद ऐकू येतो. एकाच व्हायोलिनचा तुकडा संगणकात बारा वेळा तंतोतंत ठेवला तर आवाज मोठा होतो, रुंद होत नाही. ती रुंदी बारा जणांमधल्या फरकाची असते.

मराठीत या जिवंतपणाची सर्वांत चांगली साक्ष ‘गीतरामायण’ देतं. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं आणि वर्षाहून थोडं जास्त चाललं. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीतं आणि सुधीर फडक्यांचं संगीत. आठवड्याला नवं गाणं द्यायचं, म्हणजे गीत हातात पडून चाल लागेपर्यंत आणि गायकाला ती बसेपर्यंत दिवस किती मिळणार? माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, लता मंगेशकर, राम फाटक असे वेगवेगळे गळे त्यात गायले. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, सगळी गीतं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली आणि घराघरांत पोचली ती तीच. ती जास्त बसलेली आहेत, शब्द जास्त स्पष्ट आहेत, हे मान्यच. पण आकाशवाणीच्या मूळ ध्वनिमुद्रणांत नवीन चाल पहिल्यांदाच गळ्यावर चढताना जो सावधपणा असतो, एखाद्या जागेवर जाण्याआधीचा जो जरासा अंदाज असतो, तो पुढच्या आवृत्तीत राहिला नाही. राहणारही नव्हता, कारण तोवर ती गीतं बाबूजींच्या हाडीमाशी भिनली होती. दोन्ही ऐकावीत. फक्त पहिलं हे दुसऱ्याचा कच्चा खर्डा आहे असं समजू नये.

यावर पहिला आक्षेप आपल्याच संगीतातून येतो, आणि तो वजनदार आहे. सुरात खोट चालत नाही, बेसूर आणि बेताल यांना आपल्याकडे माफी नाही, मग अपुऱ्या वाजवण्याचं कौतुक कशाला? पण आपल्याच परंपरेत सूर हा एका बिंदूसारखा कधी मानलेला नाही. तो कुठून येतो, कसा लागतो, कुठे झुकतो यालाच मोल आहे. बालगंधर्वांच्या रेकॉर्डी ऐका. ऑर्गनच्या पट्ट्या जिथल्या तिथे ठोकलेल्या, आणि गळा त्या दोन पट्ट्यांमधल्या जागेत फिरतो आहे. ऑर्गनशी ताडून पाहिलं तर गळा चुकीचा ठरेल. असा निवाडा देणारा कान मराठी माणसाचा नसेल. बेसूर गाणं आणि पट्टीतून निसटणारं गाणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दुसरा आक्षेप असा की त्या वादकांनी स्वतः निर्दोष वाजवण्यासाठीच रक्त आटवलं, चूक झाली की ते स्वतःवर चिडत, आणि आपण मात्र त्यांच्या उणिवांना मिठी मारतो. हे खरं आहे, आणि माझा मुद्दा त्यानेच बळकट होतो. मुद्दाम केलेला गबाळेपणा कानाला लगेच कळतो. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये आता यंत्राच्या ठोक्यांना माणसासारखं करण्याचं बटण असतं. ते साधारणपणे प्रत्येक ठोका वाटेल तसा पुढे-मागे सरकवतं. जर्मनीत गटिंगनला होल्गर हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की माणसाच्या तालातले फरक असे वाटेल तसे नसतात. आता झालेला उशीर पुढच्या कितीतरी ठोक्यांवर आपली छाया टाकतो. ऐकणाऱ्यांपुढे दोन्ही प्रकार ठेवले तेव्हा त्यांचा कल माणसासारख्या, आठवण ठेवणाऱ्या फरकाकडे होता. पालखीच्या भोयांचं पाऊल असंच पडतं. एकाने पाय जरा लांब टाकला की बाकीचे आपापलं पाऊल त्याच्याशी मिळवून घेतात, कुणी मोजत नाही. नेमकं वाजवण्यासाठी धडपडणारी माणसं एकमेकांना सांभाळून घेताना जे मागे-पुढे होतात, त्यात गोडी आहे. नुसत्या मागे-पुढे होण्यात ती नाही.

तिसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. जुनं तेवढं सोनं, असं म्हणण्यात काही अर्थ नाही. त्या काळातली कितीतरी गाणी सपक आहेत आणि आपण ती विसरलो आहोत. संगणकावर बांधलेलं संगीतही सुंदर होतं, १९९२च्या ‘रोजा’ चित्रपटाच्या संगीतानंतर हे कुणी नाकारू शकत नाही. शिवाय जुन्या रीतीची किंमत वादकांनी मोजली. दिवसभर शिफ्ट, साठ जणांची मेहनत एका चुकीने वाया जाण्याचा धाक, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाव नाही. प्रत्येक आवाज वेगळा नोंदवणारं मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण आल्यावर प्रत्येकाला आपापल्या वेळी येऊन आपला भाग वाजवून जाता येऊ लागलं. ही सोय होतीच. त्याबरोबर वादकाच्या कानात एकसारखा ठोका देणारा क्लिक ट्रॅक आला, १९९७ साली सूर दुरुस्त करणारं ‘ऑटो-ट्यून’ आलं, आणि कीबोर्डवरचं एक बोट व्हायोलिनच्या अख्ख्या रांगेचं काम करू लागलं. हॉल ओस पडले आणि वादकांचा धंदा बसला. बदल व्हायचाच होता. पण त्यात एकत्र ऐकत वाजवण्याची रीतच मोडली, आणि तिच्यातून येणारी जुळवाजुळव नंतर कुठल्याही बटणाने भरून निघाली नाही.

२००८ साली ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात मुंबईच्या अशा अनेक वादकांना बोलतं केलं. एवढं मोठं काम परदेशी अभ्यासकाच्या हातून व्हावं, याची मला खंत वाटते. त्या पिढीतले काही जण अजून गोव्यात आणि मुंबईत आहेत. कोणत्या गाण्यात सॅक्सोफोन कुणाचा, ढोलकीवर कोण होतं, कोणता टेक का ठेवला, हे त्यांनाच माहीत आहे. आकाशवाणीने, विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आणि रेकॉर्ड कंपन्यांनी त्यांच्याकडे जावं, त्यांची नावं गाण्यागणिक लिहून घ्यावीत आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीवर ती छापावीत. हे काम आताच व्हायला हवं.