दिनविशेष, १६ ऑक्टोबर : कपाटामागचे बर्फ

सी. एस. लुईस यांचे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ १९५० मध्ये आजच्या दिवशी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. युद्धकाळात बॉम्बहल्ल्यांपासून दूर पाठवलेली चार भावंडे. त्यातली धाकटी लुसी कपाटातले कोट सारते आणि थेट बर्फात, नार्नियात पोहोचते. १९५६ पर्यंत मालिकेची ७ पुस्तके झाली. ‘प्रिन्स कॅस्पियन’मध्ये तर कपाटही लागत नाही, आडगावच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहतानाच चौघे तिकडे खेचले जातात. सुरत-भुसावळ मार्गावरच्या नरडाण्याच्या फलाटावर बसून वाचावे, असे हे पान. तिकडे वर्षानुवर्षे राज्य करून परतावे, तर इकडे घड्याळ हललेलेच नसते. खरी मोहिनी ही. आमच्या कपाटात मात्र कोट कुठले, गोधड्याच!