दंतव्यंगोपचारातील तंत्र आणि भेटींचे अंतर : विदर्भाच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात योग्य जागी आणणाऱ्या दंतवैद्यकाच्या शाखेला मराठीत दंतव्यंगोपचार म्हणतात. व्यवहारात मात्र ऑर्थोडॉन्टिक्स हाच शब्द रूढ आहे. या शाखेचा इतिहास बहुधा उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणते ब्रॅकेट कोणी शोधले आणि कोणती तार केव्हा आली, एवढ्यावर तो थांबतो. परंतु हा उपचार इतर दंतोपचारांपेक्षा एका बाबतीत मूलतः वेगळा आहे. दाढ काढणे किंवा कीड साफ करून दात भरणे एक-दोन भेटींत आटोपते. दंतव्यंगोपचाराला साधारणपणे दीड ते अडीच वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात रुग्णाला पंधरा ते पंचवीस वेळा दवाखान्यात यावे लागते. त्यामुळे दोन भेटींमधील अंतर हा उपचाराचे तंत्र आणि दवाखान्याचे व्यवस्थापन यांना जोडणारा दुवा ठरतो. हे अंतर कसे ठरत गेले आणि त्यामुळे कोणते रुग्ण उपचारात टिकू शकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हातघडणीचा काळ

एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये दंतव्यंगांचे वर्गीकरण मांडले आणि १९०० मध्ये सेंट लुईस येथे या विषयाची स्वतंत्र शाळा सुरू केली. आयताकृती खाचेत आयताकृती तार बसवून दात तिन्ही दिशांनी नियंत्रित करणारी त्याची ‘एजवाइज’ पद्धती १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या बहुतेक स्थिर उपकरणांचे मूळ तिच्यातच आहे. मात्र त्या काळी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवावी लागे. पट्टी दातावर दाबून आकारास आणणे, तिला ब्रॅकेट जोडणे आणि ती सिमेंटने पक्की करणे, हे सारे काम हाताचे होते. एका रुग्णाच्या सर्व पट्ट्या बसविण्यात वैद्याचे कित्येक तास जात. असा उपचार महाग आणि मोठ्या शहरांपुरता मर्यादित राहणे स्वाभाविकच होते.

भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय स्थापन केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने व्यवसायाला वैधानिक चौकट मिळाली, तर १९६५ मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी अस्तित्वात आली. विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९६८ हे होय. त्या वर्षी नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय सुरू झाले. त्यापूर्वी दंतवैद्यकाच्या पदवीसाठी येथील विद्यार्थ्याला विदर्भाबाहेर जावे लागे.

सरकारी रुग्णालयांत बराच काळ काढता-घालता येणाऱ्या ॲक्रिलिकच्या प्लेटचा आधार होता. ती प्रयोगशाळेत तयार होई, स्वस्त पडे आणि मोडली तरी दाताला इजा करीत नसे. मात्र ती दात कलवू शके, मुळासकट सरकवू शकत नसे. शिवाय मूल ती घालते की दप्तरात ठेवते, यावर सारे यश अवलंबून असे.

बेग पद्धती आणि हलकी तार

अँगलकडे शिकून ऑस्ट्रेलियात परतलेल्या रेमंड बेग यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. तेथील आदिवासींच्या दातांची झीज अभ्यासून त्यांनी असे प्रतिपादन केले की, मऊ अन्नामुळे आधुनिक माणसाचे दात झिजत नाहीत व म्हणून जबड्यात दाटी होते. आवश्यक तेथे उपदाढा काढून त्या जागेत दात मागे घेण्याला त्यांनी हा आधार दिला. धातुतज्ज्ञ आर्थर विल्कॉक यांनी त्यांच्यासाठी बारीक पण लवचीक पोलादी तार तयार केली. अशी गोल, हलकी तार आणि सौम्य दाब हे १९५० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या बेग पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

भारतातील अनेक महाविद्यालयांत १९७० आणि १९८० च्या दशकांत हीच पद्धती प्रामुख्याने शिकविली गेली. तिच्यात तारेला हाताने वळणे व वेटोळी देण्याचे कौशल्य केंद्रस्थानी होते. म्हणजेच उपचाराचे ज्ञान वैद्याच्या बोटांत साठलेले असे आणि रुग्णाला त्या बोटांपर्यंत पुन्हा पुन्हा यावे लागे.

चिकटविलेले ब्रॅकेट

पुढील बदल तीन शोधांतून घडला. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी आम्लाने इनॅमल किंचित खरखरीत केल्यास त्यावर राळ घट्ट बसते, हे दाखविले. या शोधातून दातावर थेट ब्रॅकेट चिकटविणे शक्य झाले आणि पुढील दात पट्ट्यांपासून मुक्त झाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी लॉरेन्स अँड्र्यूज यांनी प्रत्येक दाताचा अपेक्षित कल ब्रॅकेटमध्येच घडविला; तारेतील कित्येक वळणे त्यामुळे अनावश्यक झाली. त्याच दशकात निकेल-टायटॅनियमची तार उपलब्ध झाली. कितीही वाकविली तरी मूळ आकारात येऊ पाहणारी ही तार अनेक आठवडे सौम्य दाब देत राहते.

या तिन्हींमुळे कौशल्याचा मोठा भाग बोटांतून कारखान्यात गेला. खुर्चीवरील वेळ घटला आणि एका दिवसात अधिक रुग्ण पाहणे शक्य झाले. दाताची हालचाल मात्र जबड्याच्या हाडाच्या झिजण्या-भरण्यावर अवलंबून असते व ती महिन्याला सुमारे एक मिलिमीटरच राहिली. तेव्हा नव्या तारांमुळे भेटी सहा ते आठ आठवड्यांवर नेता आल्या असत्या. तरीही पुष्कळ दवाखान्यांत महिन्याचीच प्रथा टिकून राहिली. सुटलेले ब्रॅकेट आणि दातांची स्वच्छता तपासणे हे तिचे एक कारण. दुसरे कारण आर्थिक आहे. एकूण शुल्काचे हप्ते भेटीगणिक घेण्याची रीत असल्यामुळे तपासणीचा दिवस आणि हप्त्याचा दिवस एकच झाला.

फिरता तज्ज्ञ आणि रुग्णाची नोंद

तज्ज्ञांची संख्या वाढल्यावर महाराष्ट्रात एक वेगळी व्यवस्था रुळली. तज्ज्ञ महिन्यातील ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावी, तेथील सामान्य दंतवैद्याच्या दवाखान्यात जाऊन रुग्ण पाहू लागला. रुग्णाऐवजी तज्ज्ञाने प्रवास करावा, ही सोय मोठी होती. मात्र तिच्यात नोंदींचे महत्त्व वाढले. कोणती तार घातली, रबर कोठून कोठे लावले, पुढील पायरी कोणती, हे लिहिलेले नसेल तर महिन्यानंतर ते कोणालाही स्मरत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून उपचारापूर्वीचे साचे, छायाचित्रे, क्ष-किरण चित्रे आणि लेखी संमती यांना कायदेशीर मोलही आले.

विदर्भातील अंतर आणि इनॅमल

विदर्भात या तंत्राची दोन प्रकारे परीक्षा होते. पहिली अंतराची. नंदनवनातील शाळकरी मुलाला मेडिकल परिसरातील शासकीय दंत रुग्णालय शहरातल्या शहरात गाठता येते. गडचिरोली नागपूरपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर असून सिरोंचा त्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. तेथून येणाऱ्या पालकाला एका भेटीसाठी एस.टी.चे दोघांचे भाडे, बुडालेली मजुरी आणि बहुधा एक मुक्काम एवढे मोजावे लागते. सरकारी रुग्णालयातील शुल्क अल्प असले, तरी हा खर्च शुल्कात दिसत नाही.

दुसरी परीक्षा इनॅमलची. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. तेथील मुलांच्या दातांवर पांढरे वा तपकिरी डाग दिसतात. असे इनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही आणि ब्रॅकेट वारंवार सुटतात. आम्ल अधिक वेळ लावणे, पृष्ठभाग आधी घासून घेणे किंवा जुन्या पट्टीकडे परतणे, हे त्यावरील उपाय होत. प्रत्येक सुटलेल्या ब्रॅकेटबरोबर एक जादा फेरी वाढते आणि ती नेमकी दूरच्या रुग्णाच्या वाट्याला येते.

असा रुग्ण मध्येच यायचा थांबला, तर उपचार केवळ अपुरा राहत नाही. तो अपायकारक ठरतो. देखरेखीविना राहिलेल्या ब्रॅकेटभोवती अन्न साचून इनॅमलवर पांढरे चट्टे पडतात आणि हिरड्या सुजतात. उपदाढा काढलेल्या जागा उघड्याच राहतात. निरोगी दात गमावून मूळ व्यंगही कायम, अशी त्याची स्थिती होते. उपचार पूर्ण झाल्यावरही दात जागी टिकविणारी रिटेनर प्लेट न वापरल्यास ते मागे सरकतात. म्हणून शेवटच्या भेटीनंतरच्या भेटीही उपचाराचाच भाग आहेत.

समारोप

१९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने संगणकाच्या साहाय्याने घडविलेले पारदर्शक अलायनर रूढ केले. अनेक जोड एकदम हाती दिले जात असल्याने भेटी कमी होतात. पण या उपकरणाची किंमत आणि ते दिवसातील बहुतेक वेळ घालण्याची अट पाहता, ज्याला भेटींचा भार सर्वाधिक आहे त्याच्यापर्यंत ते अद्याप पोहोचत नाही.

वरील आढाव्यावरून असे म्हणता येईल की, शंभर वर्षांत तंत्राने वैद्याचा वेळ भरपूर वाचविला, रुग्णाचा त्या मानाने फारच कमी. हा वाचलेला वेळ रुग्णाकडे वळविणे हे यंत्राचे काम नसून व्यवस्थापनाचे आहे. उपकरण निवडताना दातांच्या साच्याबरोबर रुग्णाच्या गावाचे अंतर विचारात घेणे, दूरच्या रुग्णासाठी दीर्घकाळ काम करणारी तार योजणे, हप्ता आणि भेट यांची सांगड सोडविणे, तसेच सुटलेले ब्रॅकेट बसविण्याची सोय जिल्हा पातळीवर करणे, या गोष्टींना नव्या शोधाची गरज नाही. दात काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी रुग्ण अखेरपर्यंत येऊ शकेल काय, हा प्रश्न निदानाचाच भाग मानला गेला, तर अर्ध्यावर सुटणारे उपचार निश्चितच कमी होतील.