सावजी भोजनालय

विदर्भातील, विशेषतः नागपूर व भंडारा या जिल्ह्यांतील, मांसाहारी जेवणाची खानावळ. हलबा कोष्टी या विणकर समाजातील मंडळींना ‘सावजी’ म्हणून संबोधण्याचा प्रघात असून, त्यांच्या घरची पाकपद्धती आणि ती दाम देऊन जेथे चाखावयास मिळते ते स्थान, या दोहोंनाही तेच नाव रूढ झाले आहे.

भंडारा जिल्ह्यात पवनी, मोहाडी व आंधळगाव ही विणकरांची जुनी गावे. कोशाची करवतकाठी लुगडी ही तेथील मागांची कीर्ती. १८७७ साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि गिरणीच्या व कालांतराने यंत्रमागाच्या स्वस्त कापडापुढे हातमागाला जसजशी उतरती कळा लागली, तसतशी या समाजातील कित्येक घरांनी आपल्या चुलीलाच चरितार्थाचे साधन केले. भोजनालयाचा मालक पुरुष असला तरी ही विद्या मुळात घरातील स्त्रियांची, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

धने, काळे मिरे, शहाजिरे, दगडफूल, खसखस, सुके खोबरे आणि लाल मिरची हे जिन्नस भाजून पाट्यावर गंधासारखे वाटावयाचे, ते तेलात तेल सुटेपर्यंत परतावयाचे आणि मग त्यात मटण मुरू द्यावयाचे, ही या पाकाची रीत. तेल पूर्वी जवसाचे असे. रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाच्या थरास ‘तर्री’ म्हणतात. तुर्कस्तानातील ‘ओजाकबाशी’ या भोजनगृहात, नावाच्या अर्थाप्रमाणे, गिऱ्हाईक चुलीच्या कडेला बसतो व मांस त्याच्या डोळ्यांदेखत निखाऱ्यावर भाजले जाते. सावजीच्या स्वयंपाकात मात्र आधी विस्तवाची आच सोसतो तो मसाला, आणि मांस त्या मसाल्याच्या आश्रयाने शिजते. केवळ जिव्हा पोळणारे तिखट एवढीच या जेवणाची ओळख सांगणे म्हणजे भाजण्या-वाटण्यातील या सूक्ष्म कौशल्यावर अन्याय करणे होय.

मटण व कोंबडीखेरीज खूर, भेजा, कलेजी, खिमा आणि बकऱ्याची आतडी हेही पदार्थ येथे मिळतात. शाकाहारी माणसासाठी बेसनाच्या वड्यांचा पाटोडी रस्सा आणि डाळकांदा असतो, व त्यांची योग्यता मटणाहून कमी लेखण्याचे कारण नाही.

भंडारा शहर मुंबई–कोलकाता महामार्गावर आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांचे ठिकाण असल्यामुळे मालमोटारींचे चालक, तारखेसाठी आलेले पक्षकार आणि कचेरीतले कारकून अशा नाना तऱ्हेच्या माणसांची येथे आमदरफ्त असते. त्यांच्यापुढे येणारे ताट साधे असते: रस्सा, पोळी किंवा ज्वारीची भाकर, चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड. मात्र वैनगंगेच्या खोऱ्याचा हा मुलूख धानाचा आहे. पोळीने रश्श्याचा कितीही समाचार घेतला तरी अखेरीस भात मागवून, तो उरलेल्या तर्रीत कालवल्यावाचून भंडाऱ्याचा माणूस पानावरून उठत नाही.