धूळपाटीचा प्रवास : प्रारंभिक वर्गाध्यापनाच्या इतिहासातील एक प्रकरण

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे सामान्यतः आयोग, खलिते, कायदे आणि विद्यापीठे यांचा इतिहास लिहिला जातो. पाच-सहा वर्षांचे मूल प्रथम शाळेत आले तेव्हा ते कोठे बसले, त्याने बोट कशावर फिरवले, त्याला शेजारच्या मुलाने काय सांगितले, या गोष्टी क्षुल्लक मानून बाजूस ठेवल्या जातात. वस्तुतः शिक्षणपद्धतीची खरी कसोटी याच ठिकाणी लागते. प्रस्तुत लेखात एका अगदी साध्या साधनाचा, म्हणजे धूळपाटीचा, आणि तिच्याशी निगडित असलेल्या परस्पर-अध्यापनाच्या रीतीचा मागोवा घेण्याचा हेतू आहे. या मागोव्यातून एकोणिसाव्या शतकातील ‘सुधारणा’ या शब्दाचा अर्थ काहीसा निराळा दिसू लागतो असे आम्हांस वाटते.

प्रथम पंतोजींच्या शाळेचे स्वरूप पाहू. देवळाची ओसरी, एखाद्या वाड्याची पडवी किंवा पंतोजींचे स्वतःचे घर ही शाळेची जागा. वर्ग किंवा इयत्ता अशी विभागणी नव्हती. प्रत्येक मूल स्वतःच्या गतीने पुढे सरकत असे. नव्या मुलाच्या हाती प्रथम पाटी येई ती दगडी नव्हे. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीची पूड पसरून तीवर अक्षर उमटवावयाचे, चुकले की फळी हलवून ते पुसावयाचे आणि पुन्हा काढावयाचे. ‘ओनामा’ने प्रारंभ होऊन मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे असा क्रम असे, त्यानंतर बोरू, शाई आणि कित्ता. व्यवहारासाठी मोडी आणि पोथी वाचण्यापुरते बाळबोध, अशी लिपींची वाटणी होती. सायंकाळी सर्व मुले एकत्र उभी राहून परवचा म्हणत. त्यात अंकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे येत.

या शाळेवर घोकंपट्टीचा आरोप एकोणिसाव्या शतकापासून सातत्याने होत आला आहे, आणि तो निराधार आहे असे म्हणता येणार नाही. छडीचा धाक होता. अर्थ न समजता पाठ करणे होते. छापील पुस्तक नव्हते. तथापि जे पाठ केले जाई ते निर्हेतुक होते असे समजणे चूक ठरेल. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर आणि खंडीचे वीस मण अशी मापे ज्या बाजारात चालतात, त्या बाजारात औटकी हे स्मरणाचे ओझे नसून हिशेबाचे हत्यार असते. साडेतीन रुपये मणाने सात मण धान्याचे मोल किती, याचे उत्तर साडेचोवीस असे क्षणात देणारा मुलगा कुळकर्ण्याच्या दप्तरात किंवा वाण्याच्या पेढीवर तत्काळ उपयोगी पडे. म्हणून घोकंपट्टीचा विचार करताना ती कोणत्या व्यवहारासाठी होती हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

आता या पद्धतीच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. एकच पंतोजी आणि निरनिराळ्या पायरीवरील अनेक मुले, अशा शाळेत थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवणे अपरिहार्य होते. याविषयी एक फार जुनी व मनोरंजक साक्ष उपलब्ध आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी 1623 साली केळदी नायकांची राजधानी जी इक्केरी (आजच्या कर्नाटकातील सागर गावाजवळ) तेथे गेला होता. तेथील एका देवळाच्या ओसरीत त्याने चार मुले अंकगणित शिकताना पाहिली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली होती. मुले एका सुरात अंक म्हणत होती आणि म्हणता म्हणता बोटाने वाळूत लिहीत होती. गुरू जवळ नव्हता. अडले तर कोण सांगणार, असे त्याने विचारले तेव्हा, एकच अडचण चौघांनाही एकाच वेळी पडणे शक्य नाही, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. या प्रसंगात वाणी, श्रवण, बोटाची हालचाल आणि सोबत्याचे साहाय्य ही चारही अंगे एकत्र आलेली दिसतात. ही साक्ष मराठी मुलुखाची नाही हे खरे. परंतु दख्खनच्या शेजारील प्रदेशात ही रीत सतराव्या शतकात रूढ होती एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी हीच दृश्ये दुसऱ्या एका परकीयाने पाहिली आणि तेथून धूळपाटीच्या प्रवासाला प्रारंभ झाला. अँड्रयू बेल हा स्कॉटिश पाद्री 1787 साली मद्रासेस आला आणि 1789 पासून एग्मोर येथील लष्करी अनाथ बालकाश्रमाची व्यवस्था पाहू लागला. एके सकाळी घोड्यावरून जाताना त्याने एका ‘मलबारी’ शाळेत मुले जमिनीवर बसून वाळूत अक्षरे काढीत असल्याचे पाहिले. (त्या काळी मद्रासेतील इंग्रज तमिळ लोकांनाही ‘मलबारी’ म्हणत, हे येथे ध्यानात ठेवावे.) बेलने ती रीत आपल्या आश्रमात आणण्याचे ठरवले, परंतु त्याच्या हाताखालील शिक्षक राजी होईनात. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपवला. तो प्रयोग यशस्वी झाला आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची व्यवस्था सर्व आश्रमभर पसरली. 1796 साली बेल मायदेशी परतला व 1797 साली त्याने या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

इंग्लंडात हा काळ नव्या कारखान्यांचा होता. शहरांत गरिबांची मुले वाढत होती, शिक्षक थोडे होते आणि पैसा त्याहून थोडा होता. जोसेफ लँकेस्टर याने 1798 पासून लंडनच्या साउथवर्क भागात शाळा चालवून हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली. एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुले, प्रत्येक लहान गटावर एक गटनायक, आणि सर्वांत खालच्या गटासाठी वाळूची मेजे, असे तिचे स्वरूप होते. बेलच्या अनुयायांनी 1811 साली नॅशनल सोसायटी स्थापन केली. लँकेस्टरच्या बाजूने उभी राहिलेली संस्था 1814 पासून ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. अशा रीतीने ओसरीवरील वाळू इंग्लंडच्या शाळागृहात जाऊन पोहोचली.

येथे इतिहासकाराने सावधपणा बाळगला पाहिजे. वाळूत लिहिण्याची रीत आपण देशी शाळेतून घेतली हे बेलने स्वतः मान्य केले आहे. ते ऋण निर्विवाद आहे. परस्पर-अध्यापनाची कल्पना मात्र तो स्वतःचा शोध मानीत असे. इक्केरीच्या साक्षीवरून ती रीत या देशात आधीपासून होती हे सिद्ध होते, पण बेलने ती येथेच पाहून उचलली हे त्यावरून सिद्ध होत नाही. संभव मोठा आहे. परंतु संभव आणि प्रमाण यांतील भेद राष्ट्राभिमानापोटी पुसून टाकणे संशोधनास शोभणारे नाही.

या कथेचा पुढील भाग मुंबई इलाख्यात घडतो. गरिबांच्या शिक्षणासाठी 1815 साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेतून देशी शाळांसाठी स्वतंत्र शाखा निघाली. 1822 साली ती स्वतंत्र संस्था झाली व 1827 पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली. देशी शाळांतील उणिवांचा विचार करताना या संस्थेने 1823 साली चार दोष सांगितले : पुस्तकांचा अभाव, सुलभ अध्यापनपद्धतीचा अभाव, योग्य शिक्षकांचा अभाव आणि द्रव्याचा अभाव. दुसऱ्या दोषावर उपाय म्हणून लँकेस्टरची पद्धत सुचवण्यात आली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याच वर्षीच्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात देशी शाळांतील अध्यापनाची रीत सुधारणे व शाळांची संख्या वाढवणे या गोष्टीस अग्रस्थान दिले. म्हणजे जी रीत मद्रासेच्या वाळूतून अंशतः निघाली, ती तीस वर्षांत लंडनचे शिक्कामोर्तब घेऊन पंतोजींच्या शाळेस औषध म्हणून परत आली.

तथापि परत आलेली वस्तू तीच नव्हती. पंतोजींच्या शाळेत थोरला मुलगा धाकट्याला शिकवी तो घरोब्याच्या नात्याने; लँकेस्टरच्या व्यवस्थेत गटनायक हा हुकुमाचा वाहक होता. पहिलीत मूल आपल्या गतीने पुढे जाई. दुसरीत गट एकदम पुढे सरके. उलट पहिलीत जे मुळीच नव्हते ते नव्या व्यवस्थेने दिले, ते म्हणजे छापील पुस्तक. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा ‘बाळमित्र’ 1828 साली निघाला, आणि मुलासाठी म्हणून लिहिलेले मराठी गद्य मुलाच्या हाती प्रथमच येऊ लागले. लाभ आणि हानी यांचा हिशेब असा दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे.

परंतु या हिशेबात एक रकाना असा आहे की त्याकडे दुर्लक्ष केल्यास सर्व विवेचन पोकळ ठरेल. या शाळेत बसत कोण होते? 1829 साली सरकारकडे गेलेल्या अहवालानुसार मुंबई इलाख्यात 46,81,735 लोकसंख्येमागे 1,705 शाळा व 35,143 विद्यार्थी होते; त्यांपैकी सरकारी शाळा अवघ्या 25 व त्यांतील विद्यार्थी 1,315 होते. म्हणजे सुमारे 133 माणसांमागे एक मूल शाळेत होते. या आकड्यांत घरगुती शिक्षण येत नाही, आणि ते वास्तवापेक्षा कमी आहेत हे रा. वि. परुळेकर यांनी या काळातील कागदपत्रांचे संपादन करून साधार दाखवले आहे. पुढे धर्मपाल यांच्या 1983 सालच्या ग्रंथाने मद्रास इलाख्याच्या कागदपत्रांकडे नव्याने लक्ष वेधले आणि देशी शिक्षणाच्या व्याप्तीचा वाद पुन्हा पेटला. तथापि आकडा कितीही वाढवला तरी मुंबई इलाख्याच्या या ओसरीवर मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले ओसरीच्या पायरीपर्यंतही पोहोचत नव्हती, हे सत्य बदलत नाही. परस्पर-अध्यापन हे ‘परस्पर’ होते ते काही थोड्या घरांपुरतेच.

नव्या सत्तेनेही हे कुंपण तोडण्याची घाई केली नाही. अत्यंत तुच्छ मानलेल्या वर्गांत नव्या शिक्षणाने प्रथम मूळ धरले तर ते इतरत्र पसरणार नाही, अशी भीती एल्फिन्स्टनने याच टिपणात व्यक्त केली होती. पद्धत बदलण्यास जो सिद्ध होता तो पंगत बदलण्यास सिद्ध नव्हता. ते कार्य 1848 साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढून आरंभिले. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील व प्रशिक्षित असावेत, आणि अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचा समावेश असावा अशी मागणी केली. येथे ‘कसे शिकवावे’ आणि ‘कोणाला शिकवावे’ हे दोन प्रश्न प्रथमच एकत्र येतात. जोतीरावांनी मोडी आणि हिशेब टाकून दिले नाहीत, ही गोष्ट विशेष विचारार्ह आहे. पंतोजींच्या विद्येतील व्यवहारोपयोगी भाग ज्यांना आजवर मिळाला नव्हता त्यांना तो मिळावा, अशी ती मागणी होती.

विसाव्या शतकात धूळपाटी शाळेतून गेली. शतकाच्या मध्यास मोडीही गेली. 1957 साली दशमान नाणी आली व पाठोपाठ मेट्रिक मापे आली, तेव्हा औटकी-अडीचकीचे प्रयोजन संपले. आणि प्रयोजन संपल्यानंतरही जेथे पाठांतर राहिले तेथे मात्र ती खरोखरच घोकंपट्टी झाली. याच सुमारास ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाड येथे जे कार्य केले त्यात जुन्या धाग्याचे एक टोक पुन्हा हाती येते. आदिवासी पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आणि महागड्या साधनांच्या ऐवजी खडे, बिया, माती, पाने हीच साधने केली. त्यांची प्रेरणा माँटेसरीची होती, धूळपाटीची नव्हे. अक्षराच्या वळणावरून बोट फिरवण्याचे माँटेसरीचे तत्त्व आणि वाळूत बोटाने लिहिण्याची रीत यांत साम्य दिसले तरी त्यावरून वंशावळ जुळवू नये. साम्याचे कारण बहुधा मुलाच्या हातातच आहे : हात हा डोळ्याच्या आधी शिकतो, आणि ज्याने ज्याने मुलाकडे नीट पाहिले त्याला ते आढळले.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की प्रारंभिक अध्यापनाच्या इतिहासात ‘देशी’ आणि ‘परकी’, ‘जुने’ आणि ‘सुधारलेले’ ही विशेषणे फारशी उपयोगी पडत नाहीत. एकच रीत ओसरीवर रूढी ठरली, लंडनमध्ये शोध ठरली आणि मुंबईस सुधारणा ठरली. तिचे मोल ठरवावयाचे तर तीन प्रश्न विचारावे लागतात : मूल जे करीत आहे त्याचे त्याच्या जीवनात प्रयोजन काय, शिकवणाऱ्याचे त्याच्याशी नाते काय, आणि ओसरीबाहेर कोण उभे आहे. पहिल्या दोन प्रश्नांना पंतोजींच्या शाळेने बऱ्यापैकी उत्तर दिले होते. तिसऱ्याला दिले नव्हते. आजही एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र बसलेल्या असतात आणि थोरली मुलगी धाकट्याचे बोट धरून त्याला अक्षर गिरवावयास लावते. त्या दृश्याला दारिद्र्याची निशाणी म्हणावयाचे की पद्धत म्हणावयाचे, याचा निर्णय करताना प्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासकाने धूळपाटीचा हा प्रवास ध्यानात ठेवावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.